लिंबावरचे हॉर्न

हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणी पोरगा आमच्या आवारात येतो, फोनवर कुठल्यातरी शर्यतीचा व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरतो आणि विचारतो, "अक्का, पहिली गाडी बांधावी का तयार घ्यावी?" मी चष्मा कपाळावर सरकवते आणि चहा घेणार का म्हणून विचारते. पोरगा हिरमुसतो. त्याला वाटतं, जिची सगळी हयात मोडक्या गाड्यांत गेली ती बाई म्हणेल, बांध रे, मी आहे ना पाठीशी. बांधता येते मला, अजूनही येते. गुडघे तेवढे कुरकुर करतात. पण त्या प्रश्नाचं माझं उत्तर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते. ज्याला पटेल त्यानं पटवून घ्यावं, न पटेल त्याच्याशी माझं भांडण नाही. मला स्वतःलाच ते एका दिवशी पटतं आणि दुसऱ्या दिवशी पटत नाही.

आमचं आवार आळंदहून उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, घरं संपून तुरीची शेतं सुरू होतात तिथं. हमरस्त्यावर उलटलेल्या, ठोकरलेल्या गाड्या माझे वडील, अप्पा, विकत घ्यायचे आणि त्यांचे सुटे भाग करून विकायचे. गाडी 'तोडली' असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा. गाडी 'सोडवायची' असं म्हणायचं. घर आवारातच होतं, पुढं पत्र्याची शेड आणि मागं दोन खोल्या. पहाटे जाग यायची ती दोन आवाजांनी, एक अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाकरी थापण्याचा आणि दुसरा अप्पांच्या छिन्नीचा, आणि अर्धवट झोपेत कुठला कोणाचा ते कळायचं नाही. अव्वा कडक भाकऱ्यांची उतरंड रचून ठेवायची. त्यासोबत शेंगांची चटणी, दही, आणि आमच्याकडच्या घराघरात शिजते ती आंबट पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी. माझा धाकटा भाऊ विरू मात्र पुंडीच्या वासानंसुद्धा ओकायचा. लहानपणी एकदा मामानं जबरदस्तीनं एक घास भरवला तर पोरानं मामाचं नवं धोतरच बाद केलं. तेव्हापासून अव्वा त्याच्यापुरतं तुरीचं वरण वेगळं काढायची आणि मी त्यावरून तिच्याशी भांडायची. आम्ही घरात मराठी बोलायचो, अव्वाच्या माहेरी कन्नड, ट्रकवाल्यांशी दख्खनी. शिवी मात्र ज्या भाषेत चपखल बसेल त्या भाषेत द्यायचो.

अप्पा बसवण्णांना मानणारे. भुताखेताचं, अंगात येण्याचं कुणी नाव काढलं की त्या माणसाला आवारात उभं करत नसत. पण धंद्याचे म्हणून त्यांचे दोन नियम होते आणि ते त्यांच्या वडिलांपासून चालत आले होते. पहिला, मोडकी गाडी आवारात आली की दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी तिचा हॉर्न काढायचा. "आधी गळा काढ," म्हणायचे. काढलेला हॉर्न विकायचा नाही, तारेनं बांधून दारातल्या कडुलिंबावर टांगायचा. दुसरा नियम असा की एका गाडीचे दोनच भाग दुसऱ्या एका गाडीला लावायचे, तिसरा लावायचा नाही. मी एकदा कारण विचारलं तेव्हा ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "दोन लावलं तर ते सामान असतंय. तिसरा लावला की गाडीला वळख येती." मी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या लिंबावर किती हॉर्न होते देव जाणे. ट्रकांचे पितळी भोंगे, जीपचे, मोटारींचे, काही इतके जुने की झाडाच्या सालीनं त्यांना अर्धं गिळलं होतं. वारा सुटला की भोंग्यांच्या तोंडात शिरून घुमायचा. पावसाळ्यात ते बरं वाटायचं, पण उन्हाळ्याच्या दुपारी, सगळं आवार तापून गप्प झालेलं असताना झाडाचं पान हलत नसायचं आणि तरी वरून एखादी बारीक घूं ऐकू यायची. अव्वा तेव्हा हातातलं धान्य तसंच ठेवून घटकाभर थांबायची. मी म्हणायची, पत्रा तापला की आवाज करतोच. आजही तेच म्हणते. फक्त आता म्हणताना आवाज जरा मोठा लागतो.

शर्यतीचं खूळ विरूनं आणलं. हैदराबादजवळच्या एका जुन्या, ओस पडलेल्या विमानाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायला लागल्या होत्या. ड्रॅग रेस म्हणायचे. वळण नाही, फेरी नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडलं की पाव मैल सरळ सुटायचं, आधी पोचला तो जिंकला. विरू ट्रकवाल्याबरोबर जाऊन ते बघून आला आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्याचे हातपाय विजेसारखे चालायचे, चालवणार तोच हे न बोलता ठरलेलं होतं. भांडण होतं ते गाडी कुठून आणायची यावर. गुलबर्ग्याच्या (तेव्हा आम्ही गुलबर्गाच म्हणायचो) एका व्यापाऱ्याच्या मुलाकडे तयार गाडी होती, लाल एस्टीम, आत लोखंडी पिंजरा बसवलेली, दोन शर्यती धावलेली. त्याला शिकारीला फिरायला जीप हवी होती आणि आमच्याकडे एक चांगली जीप होती, म्हणजे सरळ अदलाबदल. विरूचा जीव त्या लाल गाडीत अडकला होता. मी म्हणत होते, बांधायची.

"दुसऱ्यानं चालवून सोडलेली गाडी म्हणजे दुसऱ्याच्या सवयी," मी म्हणायची. "त्याचा पाय ज्या क्लचला लागला तो तुझ्या पायाला कसा लागंल?"

"अक्का, तुला निस्तं बांधायची हौस हाय," विरू म्हणायचा. "मला जिंकायचंय."

खरं म्हणजे दोघंही खरं बोलत होतो. आळंदमध्ये पान्याला हात लावणारी पोरगी एकटी मीच होते आणि लोक अप्पांना तोंडावर विचारायचे, हिचं लग्न कुठल्या गॅरेजशी लावणार? मला अशी एक गाडी करून दाखवायची होती की त्यांची तोंडं उघडीच राहावीत. अप्पांनी शेवटी माझ्या बाजूनं कौल दिला. तुरीची काढणी होईपर्यंत बांधून दाखव, म्हणाले, नाहीतर जीप जाईल आणि लाल गाडी येईल.

एका डॉक्टरची करडी पद्मिनी मोटार वर्षानुवर्षं उभी राहून खराब झाली होती. तिचा सांगाडा मी घेतला, आणि आवारात नुकत्याच आलेल्या एका पांढऱ्या पद्मिनीचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढला. ती पांढरी हमरस्त्यावर ट्रकखाली सापडली होती. पुढचा भाग धड होता, मागचा नव्हता. कुणाची होती ते आम्ही विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारत नसतात. दोन भाग, नियमात बसणारे. बाकीचं सामान दहा ठिकाणचं. इंजिनाला मोठे पिस्टन घातले, हेड घासून घेतलं, वजन कमी करायला चालकाची सोडून सगळ्या शिटा काढून टाकल्या, मागं नुसता उघडा पत्रा ठेवला. ज्या दिवशी ते इंजिन पहिल्यांदा बोललं त्या दिवशी मी शेडमध्ये एकटीच होते आणि मला रडू आलं. इतका सुरेख आवाज मी पुन्हा कधी कशातून काढू शकले नाही.

रस्त्यावर नेऊन पाहायची तर हॉर्न हवा, शेरडं-पोरं आडवी येतात, हे अप्पांनीच सांगितलं. बाजारातून आणायचा आळस विरूला. तो लिंबावर चढला, हाताला आला तो मोटारीचा हॉर्न तोडून खाली टाकला आणि मी तो बसवला. अप्पा त्या दिवशी हुमनाबादला गेले होते. ते असते तर त्यांनी झाडाला हातच लावू दिला नसता. आम्हाला वाटलं, हॉर्न म्हणजे काय, हॉर्नच.

खजुरीच्या बाजूला एके ठिकाणी रस्ता सुतात धरल्यासारखा सरळ जातो आणि शेवटी एका मोठ्या बाभळीपाशी वळतो. भर दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. मी बाभळीखाली घड्याळ घेऊन उभी राहिले, विरू पलीकडच्या टोकाला. दोन्ही बाजूंना वाळलेली तूर, शेंगा आपोआप खुळखुळत होत्या. लांबून गाडी सुटल्याचा आवाज आला आणि त्यावरूनच कळलं की ही लाल गाडीला मागं टाकणार. बाभळीपाशी थांबायचं ठरलं होतं. विरू थांबला नाही. माझ्यासमोरून जाताना त्यानं हॉर्न वाजवला, दोनदा तुटक आणि एकदा लांब, आणि रस्त्यावर तर कुणी नव्हतं. मग गाडी हळू झाली, वळली आणि शेतातल्या एका वस्तीकडे उतरली. मी शिव्या घालत मागं पळाले.

पोचले तेव्हा गाडी एका मातीच्या घरासमोर उभी होती. डोळ्यांत फूल पडलेली एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती आणि गाडीच्या टपावरून हात फिरवत होती. "चंद्रू," ती म्हणाली, "लई येळ केलास रं. भाकरी गार झाली."

मला हसूच आलं. विरू खाली उतरेल, म्हणेल, आजी, मी तुमचा चंद्रू नव्हे. विरू उतरला. म्हणाला, "रस्त्यात गर्दी होती, आई."

आमच्या घरात आईला कुणी आई म्हणत नाही. अव्वा म्हणतात.

तांब्यातल्या पाण्यानं त्यानं पाय धुतले आणि तो आत गेला. दाराची चौकट बुटकी होती, तो न बघता बरोबर वाकला. मी त्याच्याहून ठेंगणी, माझं कपाळ तिच्यावर आपटलं. आत भिंतीवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा जुना काळा डाग होता. विरू त्या भिंतीला पाठ लावून बसला आणि त्याचं डोकं नेमकं त्या डागावर टेकलं. म्हातारीनं ताट आणलं. भाकरी आणि पुंडी. माझा भाऊ पुंडी खात होता. बोटं चाटून, परत मागून.

"विरू, ऊठ. चल," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. पाहुण्याकडे बघतात तसं, अदबीनं. "बसा की, ताई," म्हणाला. "पाणी घ्या."

भीती म्हणजे काय असते ते मला तोवर माहीत नव्हतं असं आता वाटतं. जेवून तो गाडीत जाऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. मी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवला तेव्हा डोळे चोळत म्हणाला, "अक्का, झोप लागली होती काय मला? किती येळात आलो?" मग जिभेनं टाळू चाचपत म्हणाला, "तोंड कशानं आंबट झालंय?"

घरी मी सगळं सांगितलं. अप्पांनी पान्यानं हॉर्न सोडवला, उन्हात धरला. त्याच्या पट्टीला पांढऱ्या रंगाचा ओघळ होता. त्या पांढऱ्या पद्मिनीचाच. सगळ्या झाडावरून विरूच्या हाताला तोच आला होता. अप्पा तो हॉर्न मांडीवर घेऊन पायरीवर बसले. "तिसरा," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, हॉर्न काढला, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमधून गाडी गेली होती. त्यानंतर रोज दुपारी जायची. किल्ली लपवली तर विरू तारा जोडून न्यायचा आणि संध्याकाळी विचारलं तर कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, मी तर शेडमागं झोपलो होतो. खोटं बोलत नव्हता. माझ्या भावाचं खोटं मला लांबून कळतं. घरी जेवेनासा झाला. वरणाची वाटी तशीच राहायची आणि अव्वा ती तशीच उचलून गाईला घालायची. शेजारपाजारचे म्हणायला लागले, गाणगापूरला न्या, दुपारच्या आरतीला उभं करा, तिथं भलेभले बोलायला लागतात. अप्पा त्यांच्यावर ओरडले, पण ओरडण्यात जोर नव्हता. मग एका संध्याकाळी अव्वा चुलीपुढं बसली होती, विरू दारात आला आणि तिला म्हणाला, "मावशी, जरा पाणी मिळंल का?" अव्वानं पाणी दिलं. तो पिऊन गेला. ती तांब्या हातात धरून तशीच बसून राहिली. पोटचा पोरगा दिवसादिवसानं तिच्या हातून निसटत चालला होता आणि तिकडे दुसरी एक बाई त्याला जेवू घालत होती, हे तिला तेव्हा पुरतं कळलं. मलाही कळलं.

अप्पांनी गुलबर्ग्याला निरोप धाडला. व्यापाऱ्याचा मुलगा बाजाराच्या दिवशी लाल गाडी घेऊन येणार, जीप नेणार, आणि तोवर मी बांधलेली गाडी सोडवून लोखंड भट्टीला. मी अप्पांशी भांडले. नको नको ते बोलले. गाडीचा काय दोष, हॉर्न तर काढलाय, आता दोनच भाग आहेत, तुमच्याच नियमानं बरोबर आहे, म्हणाले. मला भाऊ हवा होता आणि गाडीही हवी होती, आणि दोन्हीपैकी एकासाठी दुसरं सोडायला मी तयार नव्हते. आज लिहिताना त्या पोरीचा राग येत नाही. तिनं त्या गाडीत स्वतःला ओतलं होतं.

अव्वा भांडणात पडली नाही. डोक्यावर पदर घेत म्हणाली, "काय करायचं ते मग करा. आधी मला त्या बाईला बघायचंय."

"मी येतो," अप्पा म्हणाले.

"तुम्ही नका. बायाबायांचं बोलणं हाय."

दुपारी विरू शेडकडे निघाला तेव्हा अव्वा आधीच गाडीत जाऊन बसली होती, चालकाच्या शेजारी उलटं घमेलं टाकून त्यावर. मी मागं उघड्या पत्र्यावर बसले. विरूनं आम्हाला पाहिलं, पण का आलात असं विचारलं नाही. पत्रा पोळत होता, म्हणून मी एका कडेला सरकले. तिथंही पोळत होता, तरी का कोण जाणे, मी पाय आखडूनच बसून राहिले. मागं इतकी मोकळी जागा असून मला अडचणीत बसल्यासारखं वाटत होतं.

बाभळीपाशी गाडी वळली. म्हातारी दारातच होती. मी मागचं दार उघडून उतरायला लागले तशी ती लगबगीनं पुढं आली आणि हात आडवा करून म्हणाली, "पोरी, जपून. त्याच्या अंगावर पाय पडंल."

मी कशी उतरले ते मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा अंगणात उभी होते. विरू घराकडे चालायला लागला होता. अव्वानं दोन ढांगांत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"ह्यो माझा हाय," ती म्हातारीला म्हणाली. "माझ्या पोटचा."

"ठाव हाय की," म्हातारी म्हणाली. "डोळं गेलं म्हणून पोटचं पोर वळखू येत न्हाई व्हय मला?"

"मग ह्याला कामून बोलवायलीस? जेवायला कामून घालायलीस?"

"ह्याला न्हाई गं बोलवत. माझ्या चंद्रूला बोलवायली मी." तिनं गाडीच्या मागच्या बाजूला हात केला. "आत झोपलाय. त्या दिशी गाडी दुसऱ्याच्या हातात होती, माझं लेकरू मागं झोपलं होतं. झोपतच गेलं म्हणं. त्याला अजून म्हाईतच न्हाई. रोज येतंय दारापर्यंत, मी हाक मारती, आन् हाक लागती ती तुझ्या पोराला. ह्यो उतरतोय. माझा उठतच न्हाई. आता दारात आलेलं पोर, त्याला उपाशी लावू व्हय?"

ती रडत नव्हती. कुणी हरवलेल्या वासराबद्दल बोलावं तशी बोलत होती. अव्वा भांडायला आली होती, रस्ताभर तिच्या ओठांची हालचाल मी पाहिली होती, सगळं बोलणं तिनं जुळवून आणलं होतं. त्यातलं काहीच ती बोलली नाही.

"घरी असताना कसा उठवायचीस?" तिनं विचारलं.

"निस्त्या हाकेनं कधी उठला न्हाई. डोस्क्यावरून हात फिरवावा लागायचा. पर मला दिसत न्हाई गं आता, कुठं डोस्कं, कुठं पाय. हात फिरवाया जाती तर पत्रा लागतोय."

अव्वानं विरूचं मनगट माझ्या हातात दिलं. "धर," म्हणाली. "काय बी झालं तरी सोडू नको." मग तिनं पदर खोचला, मागचं दार पुरतं उघडलं आणि आत वाकली. मला तिची पाठ दिसत होती आणि तिचा उजवा हात. तो हात रिकाम्या पत्र्यावर वीतभर उंचीवरून हळूहळू फिरत होता, कपाळावरून मागं, पुन्हा कपाळावरून मागं. मी तापात असले की ती माझ्या डोक्यावरून असाच हात फिरवायची. "एळप्पा," ती तिच्या माहेरच्या भाषेत म्हणाली, "मनि बंतु." मग मराठीत म्हणाली, "ऊठ बाळा चंद्रू. घर आलं तुझं. ऊठ, आई वाट बघायली."

माझ्या मुठीतलं विरूचं मनगट ताठ झालं. नाडी इतकी उडत होती की मला ती बोटांखाली दुखली. काहीच झालं नाही, काहीच झालं नाही, आणि मग मागचे स्प्रिंगचे पाटे करकरले. ते पाटे मी स्वतः बसवले होते, कुणी गाडीत चढलं तर किती दबतात आणि कुणी उतरलं तर किती उचलतात ते मला माझ्या तळहाताइतकं ठाऊक होतं. गाडी मागून बोटभर वर आली. अव्वा बाजूला सरली, वाट देतात तशी. म्हातारीनं आपली मान कुणाच्यातरी मागोमाग दाराकडे वळवली. मग ती उंबरा ओलांडून आत गेली आणि आतून तिचा आवाज ऐकू आला, रागावलेला, सुखावलेला, "हात-पाय धू आधी. तसाच बसू नको ताटावर."

विरूचा हात माझ्या हातात सैल पडला. तो घामानं निथळत होता. त्यानं अंगणाकडे, घराकडे, आमच्याकडे पाहिलं आणि लहान पोरासारखं म्हणाला, "अव्वा, आपण कुठं आलाव? मला भूक लागली."

अव्वानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोट ओठांवर ठेवलं. गाडीचं दार तिनं आवाज न होता लावलं. विरू सवयीनं चालकाच्या जागेवर बसायला गेला तेव्हा तिनं मान हलवली. "चालू करू नको," ती कुजबुजली. "आवाज ऐकला की परत येऊन बसंल."

मग आम्ही तिघांनी ती गाडी ढकलली. अव्वानं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं होतं आणि ती मागून रेटत होती. जन्मात तिनं कधी गाडीला हात लावला नव्हता. शेतातली वाट चढाची होती. मी चालकाच्या दाराशी चालत एका हातानं स्टिअरिंग धरलं होतं. जी गाडी पाव मैल डोळ्याचं पातं लवायच्या आत कापायची, ती आमच्या हातांखाली ढेकळाढेकळाला अडखळत जात होती आणि आत माझं इंजिन गप्प होतं. वस्तीतून थाळ्यावर वाटी ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच. रस्ता लागला, बाभळीचं वळण मागं पडलं, घर दिसेनासं झालं. विरूनं कपाळ पुसलं, आत बसला आणि किल्लीला हात घातला. माझी तेव्हा खात्री पटली की हे इंजिन जिथं कुठं, जितक्या लांब बोलेल तिथून ते त्या घरातल्या ताटावरच्या पोराला ऐकू जाईल. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"गुलबर्ग्याची घेऊ," मी म्हणाले, आणि परत ढकलायला लागले.